आत्याची जीप विकायची नाही

जनीचा फोन आला तेव्हा मी अलिबागला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कुणाच्या तरी प्रतिज्ञापत्राच्या सहा प्रती काढत होतो. जनी म्हणजे आत्याच्या तळ्यांवर वीस वर्षं काम करणारी, तिचा उजवा हात. "दादा, आत्या गेली," ती म्हणाली. "कुठे गेली?" मी मशीनवरची नजर न काढता विचारलं. आत्या सदा कुठेतरी गेलेलीच असायची... बाजाराला, बारशाला, कुणाला दवाखान्यात पोचवायला. ती हळूच म्हणाली, "न्हाय दादा. तसं न्हाय." मशीन सहावी प्रत टाकून थांबलं, आणि मला कळलं. सकाळी बाजार करून आली, गाडी दारात लावली, जेवली, आडवी झाली आणि उठलीच नाही.

याला सहा आठवडे झाले. भेटायला येणारे अजून आवाज खाली करून म्हणतात, "शेवटी एकटीच होती हो बिचारी." सुरुवातीला मी मान डोलवत होतो. आता डोलवत नाही. ती बिचारी नव्हती. एकाहत्तराव्या वर्षी आपल्या घरात, आपल्या हातचं जेवून, आपली गाडी आपण दारात लावून ती गेली. तिला असंच हवं होतं, आणि त्यासाठी ती आठ वर्षं आम्हा सगळ्यांशी भांडली. हे त्या भांडणाबद्दल आहे. त्यात मी बऱ्याचदा चुकीच्या बाजूला होतो, आणि एकदा तर चुकीच्या खड्ड्यात.

रेवसच्या अलीकडे खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीच्या, मधोमध एक उंचवटा आहे. त्यावर आत्याचं घर आणि भोवती तीन तळी. पावसाळ्यात खाडीतून जिताडा माशाची पिल्लं आणून तळ्यात सोडायची, वाढवायची आणि उन्हाळ्यात तळं उपसून विकायची, हा तिच्या सासरचा धंदा. घराकडे जाणारा रस्ता एकच, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावरून. त्या रस्त्यात एके ठिकाणी खोलगट भाग आहे. पुनवेला-अमावास्येला उधाण आलं की दोन-अडीच तास तिथे पाणी असतं. काका होते तोवर कुणी काही बोललं नाही. ते गेल्यावर मात्र आत्याचा मुलगा मुकुंद उरणला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत एक खोली तिच्यासाठी रंगवून तयार ठेवून बसला. मुलगा वाईट नाही. कंटेनर यार्डात नोकरी करतो, दिवसभर वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नीट रचतो. आईचंही तसंच करावं असं त्याला वाटलं.

आत्याने उत्तर म्हणून जीप घेतली. जुनी, चारही चाकं ओढणारी, मागे हौदा असलेली. त्रेसष्टाव्या वर्षी ती सुकलेल्या खाजणात गाडी शिकली. शिकवायला मी होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सुध्या, तू उतर. तू बसलास की मला तुझी काळजी घ्यावी लागते."

गाडी रोजची होती हे लक्षात घ्या. सकाळी बाजार, दुपारी पशुखाद्याची पोती, संध्याकाळी गावातलं कुणीतरी. शनिवार-रविवार चिखलात खेळायची गाडी ती नव्हती. पण मी त्या काळात मोबाइलवर असल्या गाड्यांचे व्हिडिओ बघू लागलो होतो, आणि ज्याला स्वतःच्या छोट्या गाडीची स्टेपनी बदलता येत नाही अशा माणसाला त्यातून जेवढं ज्ञान होतं तेवढं मला झालं होतं. मी अकरा गोष्टींची यादी करून, शुद्धलेखन तपासून, छापून, लॅमिनेट करून घेऊन गेलो. आत्याने चष्मा लावला.

"ही सोंड कशाला?"

"इंजिनाला हवा घ्यायला. आठ फूट पाण्यातूनही गाडी जाते, आत्या."

"आठ फूट पाण्यात मी जाईन कशाला? मला काय जिताडा समजलास?"

अशा अकराच्या अकरा गेल्या. मग तिने तिचा नियम सांगितला. तळं उपसलं की त्या वर्षी गाडीला एकच गोष्ट घ्यायची, आणि ती कशासाठी हवी ते जनीला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. जनीला पटलं तर घ्यायची. जगातल्या कुठल्याही गॅरेजपेक्षा ही परीक्षा कडक होती, कारण जनीला काहीच पटत नाही.

पहिल्या वर्षी टायर. मी रुंद, उंच, पैलवानासारखे टायर सुचवले. "कडेला घासतील, डिझेल पितील, आणि मला चढायला स्टूल लागेल," आत्या म्हणाली. आहे त्याच मापाचे, फक्त खोल नक्षीचे, चिखल धरणारे घेतले. दुसऱ्या वर्षी पुढेमागे साट्यालाच, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यालाच, पक्के बसवलेले दोन हूक आणि एक जाड दोर. जनीला सांगितलेलं वाक्य होतं, "अडकलो तर कुणीतरी ओढायला पायजे, न् ओढणाऱ्याला धरायला काहीतरी पायजे." जनी म्हणाली, "हां, ह्ये हाय कामाचं." माझ्या अकरात हूक नव्हते. माझ्या यादीतला माणूस कधी अडकणारच नव्हता ना!

आता ते तिसरं वर्ष. लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. त्या उन्हाळ्यात आत्याचं मनगट मुरगळलं आणि गाडी सर्व्हिसिंगला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सर्व्हिसिंग केली. आणि आत्याला वाढदिवसाची भेट म्हणून पुढे एक भलामोठा लोखंडी बंपर बसवून घेतला, त्यावर चार दिवे. दोन माणसांनी उचलून आणला तो. गाडी अशी काही दिसायला लागली की टपरीवरच्या माणसाने मला 'साहेब' म्हटलं. त्या नादात मी परत निघालो. तिथी तृतीया. आमच्याकडे लहानपणीच शिकवतात की तिथीची पाऊणपट केली की पाण्याची वेळ निघते. तीनाची पाऊणपट सव्वादोन. मी गणित बरोबर केलं. फक्त ती वेळ पूर्ण भरतीची असते, हे विसरून मी तिला पूर्ण ओहोटी समजलो. खाडीकाठच्या माणसाने ही चूक करणं म्हणजे जेवण झाल्यावर भूक लागली म्हणण्यासारखं आहे.

एक वाजता खोलगट भागाशी पोचलो तेव्हा रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. मी मनात म्हटलं, उतरतंय. पलीकडून जनी हात हलवत ओरडत होती, "दादा, चढतंय! चढतंय!" मी काच खाली करून ओरडलो, "उतरतंय गं! सव्वादोनला पूर्ण उतरेल!" ती कपाळावर हात मारून घराकडे पळाली. मधोमध आल्यावर रस्त्याची कड दिसेनाशी झाली, डावं चाक बाहेर गेलं, आणि त्या बंपरच्या वजनाने गाडीने नाक खाली घातलं. म्हैस बसते तशी, अगदी शांतपणे.

आत्या आली ती पातळ गुडघ्यापर्यंत खोचून, एक हात गळ्यात बांधलेला. मागे जनीचा नवरा ट्रॅक्टर घेऊन. ती पाण्यात उतरली, गाडीसमोर उभी राहिली आणि वाकून बंपरखाली चाचपू लागली.

"सुध्या, हूक कुठाय?"

मी बंपरकडे बघितलं. हूक बंपरच्या मागे होता. साहेबांनी तो झाकून टाकला होता.

पुढचा अर्धा तास मी गुडघाभर, मग मांडीभर खाऱ्या पाण्यात वाकून बोल्ट सोडवत होतो. आत्या शेजारी उभी राहून सांगत होती, "उलटा फिरव. उलटा. तुझं नेहमीचं सुलटं म्हणजे उलटं." तोवर चिखलात पकड यावी म्हणून तिने काडीने टायरांतली हवा थोडी थोडी सोडली, पाण्यातून बुडबुडे येत होते आणि ती तोंडाने आकडे मोजत होती. बंपर सुटून पाण्यात पडला. दोर लागला, ट्रॅक्टरने ओढ दिली, आत्या एका हाताने स्टिअरिंग धरून बसली आणि मऊ झालेल्या टायरांनी कड धरली... गाडी वर आली. जनीचा नवरा मला म्हणाला, "दादा, दिवे मातर झकास हायती." अजून म्हणतो.

हसून विसरण्यासारखी गोष्ट असती. पण कुणीतरी फोटो काढला आणि तो मुकुंदपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी तो हजर. "आई, आता पुरे. गाडी दिवसाढवळ्या बुडाली. उद्या तुलाच काही झालं तर कोण येणार इथे?" आत्याची बॅगही त्याने माळ्यावरून खाली काढली. मी खाली मान घालून बसलो होतो. आठ वर्षांत ती घर सोडायच्या एवढी जवळ कधी आली नव्हती, आणि तिला तिथवर मी आणून ठेवलं होतं. माझ्या चार दिव्यांनी.

आत्या माझ्यावर ढकलू शकली असती. "मी नव्हते चालवत, हा गाढव होता," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती म्हणाली, "मुकुंदा, येत्या अमावास्येला ये. पाणी असताना ये. माझ्या शेजारी बस. तुला भीती वाटली तर त्याच दिवशी मी बॅग घेऊन येते."

मधल्या दिवसांत ती गावातल्या सलीम मेकॅनिकच्या गॅरेजला गेली. चाकांच्या दांड्याच्या, म्हणजे ॲक्सलच्या, पेट्यांना श्वास घ्यायला बारीक भोकं असतात. गरम पेटी थंड पाण्यात शिरली की त्यातून पाणी आत ओढलं जातं. सलीमने त्या भोकांना साध्या नळ्या जोडून बॉनेटखाली उंच नेऊन बांधल्या. त्या वर्षीची एक गोष्ट ही, आणि सगळ्यात स्वस्त. जनीला वाक्य आवडलं, "गाडीचं नाक पाण्याच्या वर."

अमावास्येला मुकुंद पुढे, मी मागे हौद्यात. खोलगट भागाशी आत्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि थर्मास काढला. पाणी उतरायला लागलं होतं, पण भरपूर होतं. मुकुंदचा चहा संपला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. "जायचं का?" "नाही." बांधाच्या कडेला पाणी किती आहे ते कळावं म्हणून तिने रंगवलेले दगड होते, दुसरा दगड उघडा पडला तेव्हा तिने पदर खोचला, चारही चाकं जोडली, खालचा गिअर टाकला, आणि बैलगाडीच्या चालीने आम्ही पलीकडे गेलो. पाणी चाकाच्या निम्म्यालाही लागलं नाही. फवारे नाहीत, आवाज नाही, व्हिडिओ काढण्यासारखं काहीही नाही.

"एवढंच?" मुकुंद म्हणाला.

"एवढंच. तुला काय उडी मारायची होती?"

बॅग पुन्हा माळ्यावर गेली ती कायमची. त्यानंतरच्या वर्षांत आत्याने अजून चार गोष्टी घेतल्या. त्यातली एक चढायची पायरी, एक पाठीला उशी. "गुडघा माझा गेला तर चारही चाकांचा काय उपयोग?" आणि तो बंपर तळ्याच्या काठाला कपडे धुवायला टाकला आहे. मजबूत आहे, हे मात्र जनीही मान्य करते.

तेराव्याला मुकुंद म्हणाला, गाडी काढून टाकू, गिऱ्हाईक आहे. तळीही भाड्याने देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घराण्यात माझं मत जेवणात मीठ किती एवढ्यापुरतंच विचारलं जातं. पण मी म्हटलं, "जीप विकायची नाही." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "चालवणार कोण? तू?" त्याने विचारलं, आणि त्या फोटोची आठवण सगळ्यांच्या तोंडावर एकदम आली. मी म्हटलं, "हो. मी. तळी जनी बघेल, बाजार मी करीन." दुकान बायको सांभाळते, माझ्यापेक्षा बरं सांभाळते, हेही आता उघड झालंय.

तर हल्ली मी रोज पहाटे जातो. भरती कुठली आणि ओहोटी कुठली हे जनीला विचारून जातो, लाज वाटत नाही. परत आलो की एक काम असतं. विहिरीच्या गोड्या पाण्याची नळी घेऊन गाडीखाली उताणं झोपायचं आणि साटा, हूक, नळ्या, चाकांच्या आतल्या बाजू, सगळं मीठ धुऊन काढायचं. हे आत्या आठ वर्षं एक दिवस न चुकता करत होती, अंगात ताप असला तरी, आणि आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही यायचो तेव्हा गाडी धुतलेलीच असायची. जनीने दाखवलं तेव्हा कळलं. गाडीखालची जमीन तिच्या पाठीच्या मापाने खोलगट झाली आहे. माझी पाठ त्यात मावत नाही, कडा टोचतात.

काल तिथेच पडलो असताना मुकुंदचा फोन आला. "अजून धुतोयस? अरे, खाऱ्या हवेतली गाडी ती. खालून सडणारच. किती दिवस टिकणार आहे?"

"आज टिकली," मी म्हटलं, आणि नळी मागच्या चाकाकडे वळवली.