खर्रा तोंडात, पाहुणे दारात

माझ्या मुलीचं लग्न मी एकदा मोडत आणलं होतं, आणि तेही एक शब्दही न बोलता. आर्वीत हे कुणाला सांगितलं तर मोडत आणण्यावर लगेच विश्वास बसतो, न बोलण्यावर बसत नाही.

आर्वीत माझं कृषी केंद्र आहे. गिऱ्हाईक सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी न्यायला येतं आणि सगळ्या तालुक्याच्या बातम्या घेऊन जातं. (कधीकधी पिशवी दुकानातच राहते.) मला गप्प बसवणारी वस्तू जगात एकच, खर्रा. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटतात, तो खर्रा. तोंडात असला की बोलता येत नाही. मग माणूस हनुवटी वर धरतो आणि भुवयांनी कारभार चालवतो. एक भुवई वर गेली की 'काय पाहिजे', दोन्ही गेल्या की 'माल संपला', पंजा हलला की 'थांब, थुंकून येतो'. आर्वीत हे लहान पोरालाही कळतं. पुण्यात कळत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

स्नेहल, माझी एकुलती एक लेक, पुण्याला नोकरी करते. तिथंच तिनं निखिलला पसंत केलं. मुलगा चांगला, घर चांगलं. त्याचे आईवडील आमच्याकडे यायचं ठरलं. वडील निवृत्त मुख्याध्यापक आणि आई दातांची डॉक्टर. हे ऐकून मी नकळत दातांवरून जीभ फिरवली.

"बाबा, मी त्यायले सांगतलं का तुम्हाले सुपारीचंही व्यसन नाई," स्नेहल म्हणाली.

"काऊन सांगतलं?"

"मंग काय सांगू? आन् तुम्ही जरा कमी बोलजा."

"कमी म्हणजे किती?"

"ते इचारतीन तेवढंच," स्वयंपाकघरातून बायको बोलली. कुंदा तिचं नाव. "हो नाई तं नाई. बस."

ते यायचे त्या दिवशी रिकाम्या तोंडानं गप्प बसायचा सराव मी सकाळीच सुरू केला. तो दूधवाला येईपर्यंत टिकला. पाहुणे वर्ध्याला गाडीतून उतरून टॅक्सीनं येणार होते. खरांगण्याला पोहोचल्याचा त्यांचा निरोप आला, तेव्हा मी विचार केला, अजून अर्धा तास आहे. एक खर्रा खाऊ, मन शांत करू, चूळ भरू, लवंग चघळू आणि सज्जनासारखं बसू. पण निरोपच वाटेत रेंगाळला होता. खर्रा गालात नीट बसतो न बसतो तोच फाटकाशी टॅक्सी थांबली.

मोरी मागच्या अंगणात. मधल्या दारातून जावं लागतं. कुंदानं पाहुण्यांना नेमकं त्या दारासमोर बसवलं.

"जय भीम," मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले.

मी हात जोडले, हनुवटी वर केली आणि "ऊंऊं" केलं.

"दुकान कसं चाललंय आपलं?"

मी दोन्ही भुवया वर केल्या. माल संपला, म्हणजे धंदा झकास. मुख्याध्यापकांनी त्याचा अर्थ 'तुम्हाला काय करायचंय' असा घेतला असावा, कारण वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघू लागले. कुंदा मात्र माझ्याकडे कौतुकानं बघत होती. इतकी वर्षं सांगूनही न ऐकणारा नवरा आज शब्दाबाहेर जात नव्हता! त्या आनंदात माझी हनुवटी तिच्या लक्षातच आली नाही.

खर्ऱ्याचं एक असतं. जितका वेळ धरून ठेवावा तितका तो वाढत जातो. हनुवटी वर वर जाऊ लागली आणि नजर छताला लागली. मुख्याध्यापकांनीही वर पाहिलं.

"पंखा नवा घेतला वाटतं," ते कोरडेपणानं म्हणाले.

तंबाखूच्या तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरबाई हळूच कुंदाला म्हणाल्या, "फार हळवे आहेत हो हे. लेकीच्या जाण्याचं मनात आलं असेल." म्हणजे एकाच हनुवटीवरून एका खुर्चीत मी घमेंडखोर ठरलो होतो आणि शेजारच्या खुर्चीत हळवा. तोंड उघडलं असतं तर दोघांचंही समाधान झालं असतं, आणि लग्न मोडलं असतं.

तेवढ्यात बाईंची नजर माझ्या गालावर आली. शेवटी डॉक्टरच.

"अहो, सूज आहे का तिथे? दाढ दुखते? बघू, आ करा जरा." त्यांनी पर्समधून मोबाइल काढून त्याचा टॉर्चही लावला.

आणि नेमक्या त्याच क्षणी, एकदाचं काय ते संपवावं म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, "बरं, आमचा निखिल तुम्हाला पसंत आहे ना?"

मी दोन्ही हात हलवले आणि जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. ते टॉर्चसाठी होतं. पोहोचलं शेजारच्या खुर्चीत.

मधल्या दारात स्नेहल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. लहानपणी पडली की रडायच्या आधी ती क्षणभर माझ्याकडे अशीच बघायची. मुख्याध्यापकांनी चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. निघतो आम्ही."

मी खर्रा गिळला.

ज्यांनी कधी गिळला नाही त्यांना काय सांगू? माणूस आधी गार पडतो, मग तापतो, मग त्याला वारलेले आजोबा दिसू लागतात. त्यांना बाजूला सारून मी उभा राहिलो. "पसंत आहे," मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता. "पोरीनं निवडला... मले पसंत आहे." पुढं उचकी लागली. अंगाला घाम सुटला, डोळ्यांतून धारा लागल्या.

मुख्याध्यापकांनी चष्मा परत लावला आणि माझे दोन्ही हात धरले. "अहो, असं मनाला लावून घेऊ नका. आम्ही तिला काही कमी पडू देणार नाही." त्यांचाही आवाज कापत होता. मी मान हलवली आणि मागच्या अंगणात धावलो. तिथं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. आत सगळ्यांना वाटलं, बाप एकटा रडायला गेला.

खर्रा त्या दिवशी सुटला. मी सोडला नाही, त्यानंच मला सोडलं. पण पुण्यात माझी जी कीर्ती झाली ती काही सुटली नाही. साखरपुड्यात व्याह्यांनी 'आमचे मितभाषी व्याही' अशी माझी ओळख करून दिली. कुंदाला तेव्हा ठसका लागला. तेव्हापासून त्यांच्याकडे गेलो की रिकामं तोंडही भरल्यासारखं ठेवावं लागतं.

लग्न वर्ध्याला झालं. निघताना स्नेहल गळ्यात पडली आणि माझी हनुवटी आपोआप वर गेली. तिनं सवयीनं माझ्या तोंडाशी वास घेतला.

"बाबा, आज तं तोंडात काईच नाई."

मी मान हलवली.

"मंग बोलून काऊन नाई राह्यले?"

पुष्कळ बोलायचं होतं. आठवडाभर जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. शेवटी मी दोन्ही भुवया वर केल्या.

आर्वीचीच पोर ती. रडता रडता हसली. "माल संपला?" म्हणाली, आणि मला आणखी घट्ट धरलं.

मागं व्याही आपल्या पाहुण्यांना सांगत होते, "बघा, मी म्हणालो नव्हतो? फार कमी बोलणारा माणूस."