यादीतली सातवी ओळ

घरात तिला शेंडेफळ म्हणत. चार भावांच्या पाठीवर झालेली एकुलती पोर. आणि भाऊ कसले, विचारू नका! एकाचं नाक तीनदा मोडलेलं, दुसऱ्याच्या पुढच्या दातांचा पत्ता नाही. बाप बॉक्सिंग शिकवायचा, खालच्या मजल्यावर रिंग होती आणि वरच्या मजल्यावर जेवताना वाद झाला की ताटं उडायची. त्या घरातली शेंडेफळ वकील झाली. तीही कुठल्या कोपऱ्यातल्या कचेरीत नव्हे, अठरा देशांत शाखा असलेल्या फर्ममध्ये शिकाऊ वकील म्हणून चिकटली. बापानं गल्लीभर सांगितलं, "आमच्या घरात एकजण तरी आता हात न उचलता जिंकणार."

कसलं काय! तिथल्या थोरल्या वकीलबाईंना पाठीमागे सगळे वरवंटा म्हणत. तिसऱ्याच दिवशी पानांचे आकडे चुकले म्हणून वरवंट्यानं लोखंडी स्टेपलर भिरकावला. तो शेंडेफळच्या कानापासून वीतभर अंतरावर दाराच्या चौकटीत बसला, लाकडाचा टवका उडाला. आसपासच्या एकानंही मान वर केली नाही. तिनं स्टेपलर उचलला, टेबलावर नेऊन ठेवला आणि आकडे पुन्हा घातले.

खटला होता गोदामाच्या आगीचा. मालक म्हणत होता, वायर जळली. फर्म ज्या परदेशी विमा कंपनीसाठी लढत होती ती म्हणत होती, मालकानंच माणसं लावून पेटवलं. खरं काय ते एकाच माणसानं पाहिलं होतं, गोदामाच्या पहारेकऱ्यानं. भर दुपारी मालकाची चार माणसं रॉकेल ओतत होती. एका हमालानं डबा हिसकावला, तर त्यांनी सळईनं त्याचं डोकं फोडलं, त्याला जिवंतच आत ढकललं आणि दार लावून घेतलं. ते निघून गेल्यावर पहारेकऱ्यानं तापलेली कडी उघड्या हातानं ओढली. तळव्याची सालं कडीला चिकटून राहिली, पण दार काही उघडलं नाही. आतून हात आपटल्याचा आवाज किती वेळ येत होता, तेही त्यानं सांगितलं. शेंडेफळनं ते सगळं शब्दन् शब्द टाइप केलं.

कोर्टानं हुकूम दिला, जबाब समोरच्या पक्षाला द्या, पण साक्षीदार कोर्टात उभा राहीपर्यंत तो कोण हे कळू देऊ नका. दोन दिवस खपून तिनं दोनशे बारा जागी त्याचं नाव, पत्ता, कामाची जागा काळी केली. तीनदा तपासलं. पण कागदांच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर यादी असते. ती तिनं हुकमाच्या आधीच करून ठेवली होती, अगदी वरवंट्यानं शिकवली तशी. वरवंट्याचा दंडकच होता, "यादी वाचून न्यायाधीशाला कागद न उघडता कळलं पाहिजे." म्हणून सातव्या ओळीत तिनं नीट लिहिलं होतं, 'आगीच्या साक्षीदाराचा जबाब, पहारेकरी, दिवसपाळी, तीन नंबरचं दार.' तीन नंबरच्या दारावर दिवसपाळीला एकच पहारेकरी असायचा. यादीला वकील कागदच मानत नाहीत, त्यामुळे ती कुणी तपासली नाही.

सोमवारी गठ्ठा मालकाच्या वकिलांकडे गेला. बुधवारी सकाळी चौघांनी पहारेकऱ्याला घराच्या पायरीवरून ओढला. बायकोला भिंतीशी दाबून धरली आणि तिच्यादेखत त्याची बोटं हातोडीनं एकेक करून ठेचली. मग जबड्यावर घाव घातला. दवाखान्यात पोचला तेव्हा तो शुद्धीत नव्हता.

गुरुवारी वरवंट्यानं शेंडेफळला आत बोलावलं. समोर यादी होती. आता काय अंगावर येतंय म्हणून ही तयारच होती, पण बाईंनी दार लावून घेतलं आणि त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बस. जबाब घेताना तो म्हणाला होता ना, मेव्हण्याला सगळं सांगितलंय म्हणून?"

"नाही मॅडम. तसं काही म्हणाला नव्हता."

"म्हणाला होता. असल्या लोकांच्या पोटात काही राहत नाही, नाव तिथूनच फुटलं. तू नोंद लिहून सही कर. पुढच्या महिन्यात तुझ्या कायमच्या नेमणुकीवर मलाच सही करायचीय."

तिनं लिहिलं. सही केली. अक्षर नेहमीसारखंच नीटस आलं, आणि हेच तिला पुढे जन्मभर खुपलं. फर्मनं ती नोंद त्याच दिवशी पोलिसांकडे पाठवली.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. शुक्रवारी दुपारी ती न सांगता दवाखान्यात गेली. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. मुठी मांसावर पडतात तेव्हा कशा वाजतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. पहारेकऱ्याच्या दोघा भावांनी एका पोरसवदा माणसाला कठड्याशी दाबून धरलं होतं आणि ते त्याला आळीपाळीनं बडवत होते. पहारेकऱ्याची बायको हातातली स्टीलची बाटली उगारून किंचाळत होती, "नवऱ्याची बोटं विकलीस माझ्या, मेल्या! पोलिसांनी लेखी दाखवलं मला!"

"ताई, आईशप्पथ, मला माहीतसुद्धा नव्हतं गं!"

बाटली खाली आली. बुडाची कड थेट डोळ्यात बसली. मेव्हणा पाच-सहा पायऱ्या गडगडत शेंडेफळच्या पायाशी येऊन पडला.

"थांबा!" ती ओरडली. "यानं नाही सांगितलं! माझ्या यादीतून कळलं. आणि तो पोलिसांकडचा कागदही मीच लिहिलाय. खोटा आहे तो!"

पहारेकऱ्याच्या एका भावानं तिचा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आदळलं. एकदा, दोनदा. बरगडीखाली ठोसा कसा घालायचा हे तिला पाचव्या वर्षापासून येत होतं. तिनं हात खालीच ठेवले. तिसऱ्यांदा आदळणार तेवढ्यात बायकोनंच त्याला ओढून मागे ढकललं.

यादीचं आणि खोट्या नोंदीचं सगळं खरं लिहून शेंडेफळनं आपला जबाब त्याच संध्याकाळी स्वतः कोर्टात नेऊन दिला. नोकरी गेली, वकिलीची सनद दोन वर्षं अडकली, वरवंट्याचं मात्र काहीच वाकडं झालं नाही. पण ते सगळं पुढचं. त्या जिन्यात बायको खाली बसली होती, भावाचं डोकं मांडीवर घेऊन, त्याच्या डोळ्यावर पदर दाबून. पदर लाल होत चालला होता.

"कधी लिहिलास तो कागद?" तिनं वर न बघता विचारलं.

"काल."

"काल दिवसभर हा माझ्याशेजारी बसून रडत होता." मग तिनं वर पाहिलं. "अगं, काल का नाही आलीस?"

मांडीवरच्या भावानं चाचपडत बहिणीचा हात शोधला.

"ताई," तो म्हणाला, "आता पटलं ना तुला?"