ती डॉक्टरकडं गेलीच नाही

या ग्रुपवर मला रोज 'ताई, तुमच्या हाताला गुण आहे' असं लिहिणाऱ्यांनो, आज तसलं काही लिहू नका.

सकाळी हुपरीहून एक चांदी कारागीर आले. त्यांची बायको डोकेदुखीसाठी वर्षभर माझ्याकडं हीलिंगला यायची. मागच्या महिन्यात ती गेली. मेंदूत गाठ होती.

ते दारातच उभे राहिले. "ताईंच्या हातानं बरं वाटतंय म्हणायची. डॉक्टरकडं गेलीच न्हाय."

"मी सांगितलं होतं तिला," मी म्हणाले.

"किती वेळा?"

एकदाच. तिचं 'बरं वाटतंय' ऐकायला मला आवडायचं, म्हणून पुन्हा सांगितलं नाही. ते दारातूनच माघारी गेले.

हीलिंग करणाऱ्यांनो, खरं सांगा. 'आधी डॉक्टरकडं जा' म्हणून तुम्ही कधी कुणाला परत पाठवलंय?