न घेतलेलं नाव

ती घटना आजही आठवते, आणि नेमकी जेवायला बसलो की आठवते.

अमरावतीच्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली, तोच चांदूर रेल्वेहून एक बाई आली. पिशवीत एक छापील पुस्तक. अकोल्याच्या एका प्राध्यापकाने ‘एकट्या राहणाऱ्या वृद्धा’ या विषयावर पीएच.डी. मिळवली होती आणि त्या प्रबंधाचं पुस्तक काढलं होतं. मोर्शीकडच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती त्यात नावगावासकट छापल्या होत्या. या बाईच्या आईचीही होती : ‘मुलगी फिरकत नाही. दोन-दोन दिवस उपाशी असते.’ आई वारून वर्ष झालं होतं.

“साहेब, मी दर आयतवारी मायकडे जात होती. आता लोकं इचारते, कावून वो, मायले उपाशी ठेवलं काय? माह्या मायनं असं म्हटलं नाई, एवढंच लिहून द्या.”

प्रकरण दखलपात्र नव्हतं, तरी अर्ज चौकशीवर घेतला. जमादार म्हणाला, “सायेब, मेलेल्या बुढीचा जबाब खोटा हाय, हे शाबित करता कसं?” त्याचं बरोबर होतं.

दोन दिवसांनी प्राध्यापकाला बोलावलं. संमती तोंडी घेतली, रेकॉर्डिंग केलं नाही, असं शांतपणे सांगून तो चहा पिऊन गेला. खोटं बोलणाऱ्याला घाम फुटतो हा सिनेमातला समज. सराईत माणूस पाणीसुद्धा मागत नाही.

त्याच दुपारी पुस्तक घेऊन घरी जेवायला गेलो. माझी बायको बाळापूरची, सातवी शिकलेली. ती वाढत होती, मी वाचून दाखवत होतो. ‘माझे पती अमुकराव हयात असताना...’ एवढं ऐकलं आणि ती पोळी हातात धरून हसत सुटली.

“अवो, हे बुढी नवऱ्याचं नाव घेते? मुलाखत देऊन राहिली का उखाना घेऊन राहिली?”

माझा घास हातातच राहिला. ते वाक्य मी दहादा वाचलं होतं. खटकलं नव्हतं, कारण आमचे जबाबही तसेच असतात. ‘समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती नामे अमुक...’ कोणती म्हातारी असं बोलते? ती भाषा लिहिणाऱ्याची. तरुणपणी मीही खुर्चीत बसून असे जबाब लिहिले आहेत, आणि त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मोर्शीकडे जाऊन पुस्तकातल्या हयात बायका गाठल्या. नवऱ्याचं नाव विचारलं की प्रत्येक बाई शेजारणीकडे बघायची, “तू सांग वो.” प्राध्यापकाला एकीनेही पाहिलेलं नव्हतं.

त्याला पुन्हा बोलावलं. “सर, इतक्या जणींनी नवऱ्याचं नाव सांगितलं?”

“विचारलं, सांगितलं.”

“तुमच्या आईच्या तोंडून वडिलांचं नाव कधी ऐकलं?”

त्याने टेबलावरचं पुस्तक मिटलं. म्हणाला, “मतदार यादी होती साहेब. तिच्यात बाईचं नाव, वय, नवऱ्याचं नाव, सगळं असते. बाकी घरीच बसून लिहिलं. मुदत संपून राहिली होती.”

अहवाल विद्यापीठाकडे पाठवला. त्यांनीही चौकशी केली, पदवी रद्द झाली. ‘सदर मुलाखत झालीच नव्हती’ असं पत्र त्या बाईला मिळालं. ते दाखवायला ती ठाण्यात आली होती. म्हणाली, “आता मोर्शीले जाता येईन.”

माणसाच्या तोंडी न बोललेला शब्द घालणं ही चोरीच, मग ती प्रबंधात असो की केस डायरीत. त्यानंतर माझ्या हाताखाली एकही जबाब साक्षीदाराला समोर बसवल्याशिवाय लिहिला गेला नाही. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात नाही, ताटावर शिकायला मिळालं.

माझी शिक्षिका आता नाही. शेवटच्या आजारात ऑपरेशनच्या संमतीचा कागद आला. नर्सने विचारलं, “पतीचं नाव?” एवढ्या दुखण्यातही तिने माझ्याकडे बोट केलं, “यायलेच इचारा ना.” माझं नाव मीच लिहिलं. उभ्या संसारात ते मी तिच्या तोंडून एकदाच ऐकलं, लग्नातल्या उखाण्यात. पुढे वाटायचं, आणखी एकदा तरी घ्यावं हिने.

आता मला नावाने हाक मारणारे पुष्कळ आहेत. ‘अवो’ म्हणणारं कुणी नाही.