जावेच्या भिंतीवरचे स्पीकर

सिरसाळ्याच्या बाजारगल्लीत मन्मथअप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. हे घर म्हणजे पूर्वीच्या एका लांबलचक घराचा अर्धा भाग. वडील गेल्यावर दोघा भावांनी वाटणी केली आणि मधोमध एका विटेची भिंत घातली. पलीकडं थोरले विश्वेश्वरअप्पा आणि त्यांची बायको सुंदरबाई, अलीकडं मन्मथअप्पा आणि उमाबाई. गवंडी तेव्हाच म्हणाला होता, दीड विटेची घाला, न्हाईतर इकडं कोणी शिंकलं की तिकडनं शंभर वर्षं जग म्हणावं लागंल. दोघे भाऊ हसले. आपण काय परके आहोत का, असं त्यांना वाटलं.

परकेपणा पुढं आला, तो टीव्हीच्या पायी.

गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही सुंदरबाईंच्या घरी आला. रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत मुंगीला शिरायला जागा नसायची. कुणाला सतरंजीवर बसवायचं, कुणाला दारात आणि कुणाला हाकलायचं, हे सुंदरबाई ठरवायच्या. उमाबाईंची रुद्राणी तेव्हा दुसरीत होती. एका रविवारी तिला दारातनं परत पाठवलं. पोरगी हिरमुसून घरी आली नाही. गल्लीच्या बाजूला जाऊन दगडावर चढली आणि खिडकीची चौकट धरून आत बघत राहिली. मग खिडकीची फळी धाडकन बंद झाली.

उमाबाई चुलीवरचं तसंच टाकून धावल्या. पोरीचं करंगळीशेजारचं बोट चेचलं होतं. मिळेल त्या टेंपोनं तिला परळीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. नख निघालं, हाड जुळलं ते वाकडंच. तिन्हीसांजेला परत आल्या तर सुंदरबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी लई वांड हाय तुजी. खिडकीला लोंबकळायला कोन सांगितलतं? वाऱ्यानं आपटली फळी."

त्या दिवशी गल्लीतल्या लिंबाचं पानसुद्धा हललं नव्हतं. तरी उमाबाई गप्प राहिल्या. थोरली जाऊ, अक्का म्हणायचं नातं. शिवाय मन्मथअप्पा भावापुढं तोंड उघडणारे नव्हते.

हेही कदाचित विरून गेलं असतं. पण रुद्राणी लग्नाची झाली, उदगीरकडचे पाहुणे बघायला आले. पोरगी त्यांच्या मनात भरली. सरबताचा पेला घेताना मुलाच्या आत्यानं सहज विचारलं, "बोटाला काय झालंय गं?" रुद्राणीनं तोंड उघडायच्या आत सुंदरबाई बोलल्या, "ते व्हय? जल्मापासून हाय. आमच्या घराण्यात असतंय कुनाकुनाला."

पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत फिरली आणि पुढची स्थळं दारातूनच वळली. शेवटी अहमदपूरच्या एका मास्तरांनी बोटाकडं न बघता पोरगी केली आणि रुद्राणीचा संसार चांगला चालला. पण मधल्या काळात ती पदराखाली हात कशी लपवायला शिकली, ते उमाबाईंनी रोज पाहिलं होतं. त्यांनी जावेशी बोलणं टाकलं. पोटातला निखारा मात्र त्यांनी विझू दिला नाही. स्वयंपाक करताना, दळण निवडताना, शेजेला पडल्यावर त्याच्यावर फुंकर घालत राहिल्या.

पुढं मुलगा अमरनाथ दुकानाला लागला. पेंडीबरोबर ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घेतली, दुकानात फोन आला, मग खिशात मोबाईल आला. परळीत मोठमोठ्या पडद्यांचे टीव्ही दिसायला लागले होते. एक दिवस जेवताना अमरनाथ म्हणाला, "आई, आपन होम थिएटर घ्यायचं. घरातच टॉकीज."

उमाबाईंनी कधी साडीसुद्धा स्वतःहून मागितली नव्हती. त्या म्हणाल्या, "घे. पन स्पीकर मी निवडनार."

मन्मथअप्पांचा घास हातातच राहिला. बायकोचा तो सूर त्यांच्या ओळखीचा होता.

परळीला बद्रीनाथ शेठचं दुकान होतं. त्यांनी मायलेकांना गादीच्या खुर्च्यांवर बसवून कोपऱ्यात उभे करायचे माणसाएवढे खांब दाखवले, टीव्हीच्या कपाटात बसणारे ठोकळे दाखवले. उमाबाई नुसत्या बघत होत्या. मग त्यांचं लक्ष वर गेलं. भिंतीवर पाटासारखे चपटे, काळे, हातभर लांबीचे स्पीकर अडकवले होते.

"ते काय हाय?"

"ती नवी फॅशन हाय मावशी. फोटोवानी भिंतीला लावायचे. जागा खात न्हाईत, दिसाया झ्याक. पन खरं सांगू का, आवाजाला ते खांबच चांगले. चपट्याला पोट नसतंय, म्हनून त्याच्यासंगं खाली धमधम आवाजाचा हा वूफरचा डबा ठिवावा लागतोय."

"लावा बरं."

शेठनी मारधाडीच्या सिनेमाची तबकडी घातली. मोटारी उडाल्या, काचा फुटल्या. अमरनाथ खूश होऊन पुढं सरकला. उमाबाई उठल्या आणि स्पीकरच्या पुढं जायच्या ऐवजी बाजूला जाऊन भिंतीला तळवा लावून उभ्या राहिल्या.

"ह्या भिंतीपल्याड काय हाय?"

"गोदाम हाय आमचं. का वो?"

"मी तितं जाऊन ऐकते. चालू ठिवा."

शेठनी पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, पण खोक्यांच्या गोदामात उभं राहून स्पीकर पारखणारी बाई नव्हती पाहिली. उमाबाईंनी त्यांच्याकडून तीन-चार प्रकारचे चपटे स्पीकर एकामागून एक त्या भिंतीला अडकवून घेतले. काही पलीकडं नुसते कुजबुजत. एक जोडी मात्र अशी लागली, की गोदामातल्या फळीवरची खोकी थरथरायला लागली.

"हेच," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे भिंतीला गच्च आवळलं की भिंतच वाजायला लागती. आमी मदी रबराच्या चकत्या देतो, मंग शेजाऱ्याला तरास होत न्हाई."

"चकत्या नको."

"अवो, फुकट हायत."

"तरी नको."

अमरनाथनं त्या वेळी आईकडं पाहिलं. घरी आल्यावर म्हणाला, "आई, ती मधली भिंत लई पातळ हाय."

"म्हनूनच," उमाबाई म्हणाल्या.

स्पीकर मधल्या भिंतीलाच लागले. वूफरचा डबाही त्याच भिंतीला टेकवून ठेवला. पहिल्या दिवशी उमाबाईंनी सगळी गल्ली बोलावली, चहा केला, एक पलीकडचं घर तेवढं वगळलं. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच धमाक्याला पलीकडून खणखणाट ऐकू आला. सुंदरबाईंची भांड्यांची मांडणी त्याच भिंतीला ठोकलेली होती. ताटं, वाट्या, तांबे एकमेकांवर आपटत होते. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. थोड्या वेळानं सुंदरबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचे केस पांढरे झाले होते, गुडघे धरले होते.

"उमा, आवाज कमी कर. भांडी पडायलीत माजी."

इतक्या वर्षांनी जाऊ पहिल्यांदा नावानं बोलली. उमाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"करते की अक्का. ह्या चार बायांच्या देखत सांगा, रुद्राणीचं बोट जल्मापासून तसं हाय का?"

सुंदरबाई दारातनंच परत फिरल्या. उमाबाईंनी रिमोट अमरनाथच्या हातातून घेतला आणि आवाज आणखी वाढवला.

तिथून सगळा उन्हाळा तसाच गेला. परळीत तयार होणारी वीज सिरसाळ्यातून सगळ्यात आधी जायची. ती कधी जाते, कधी येते हे उमाबाईंना पाठ झालं. दुपारी सुंदरबाई आडव्या होण्याच्या वेळेला वीज असली की सिनेमा लागायचा. उमाबाई पडद्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. पाठ भिंतीकडं करून शेंगा फोडत बसायच्या आणि कान पलीकडं. एक भांडं वाजलं की त्यांना बरं वाटायचं, तहानेला पाणी मिळावं तसं. फक्त सकाळी, पलीकडं लिंगपूजा चाललेली असताना, बटणाला हात लावत नसत. "देवाशी माजं भांडन न्हाई," म्हणायच्या.

विश्वेश्वरअप्पा एकदा दुकानात येऊन धाकट्या भावाशेजारी बसले. "मन्मथ, तिला झोप न्हाई रे. डोकं धरून बसती." मन्मथअप्पांनी घरात येऊन बायकोला सांगितलं.

"तिला खरं बोलू द्या. त्याच घडीला बंद करते," उमाबाई म्हणाल्या. "माज्या लेकीनं किती रात्री डोकं धरलं, ते तुमी कवा मोजलं का?"

अप्पा मान खाली घालून पेंडीची पोती रचायला निघून गेले.

पंचमीला रुद्राणी माहेरी आली. दुपारी बायका झोका खेळायला गल्लीत जमल्या होत्या आणि घरात सिनेमा लागलेला. रुद्राणी थोडा वेळ ऐकत उभी राहिली, मग आईसमोर येऊन बसली. आता ती हात लपवत नव्हती.

"हे माज्यासाठी करतीस का?"

"मंग कुनासाठी?"

"माजं बोट आता दुखत न्हाई, आई. पन ह्या घरात मला बसवत न्हाई. बंद कर."

उमाबाईंनी लेकीकडं पाहिलं. त्यांना वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडेल. क्षणभर त्यांचा हात रिमोटकडं गेलाही. पण त्यांनी तो मागं घेतला. "तू इसरलीस, तुजं नशीब. मी कशी इसरू?"

रुद्राणी उठली आणि बाहेर न जाता थेट पलीकडच्या घरात गेली. ती तिथं काय बोलली, हे कुणी ऐकलं नाही. आवाजच इतका होता. पण काही वेळानं सुंदरबाई तिच्या खांद्याचा आधार घेऊन बाहेर आल्या आणि झोक्यापाशी, सगळ्या बायकांच्या मधोमध उभ्या राहिल्या. उमाबाईंनी ते दारातनं पाहिलं आणि सिनेमा थांबवला.

"बोट जल्मापासून न्हाई," सुंदरबाई म्हणाल्या. "फळी मीच वडली. वारं न्हवतं. पोरीचा हात दिसत हुता मला. हिचं लेकरू माज्या घरात डोकावतंय, ह्याचा राग आलता. बोलले ते बी खोटं."

एवढं बोलून त्या झोक्याच्या दोराला धरून उभ्या राहिल्या. एका बाईनं त्यांना बसायला पाट दिला.

उमाबाईंनी ह्या घडीची किती वर्षं वाट पाहिली होती. जाऊ गल्लीसमोर खाली बघेल आणि आपल्या पोटातलं सगळं निवेल, अशी त्यांची समजूत होती. पण त्यांनी आजवर मनात धरलं होतं ते त्या खोट्या बोलण्याबद्दल. फळी चुकून लागली असेल आणि मग भीतीनं झाकलं असेल, एवढी जागा त्यांनी नकळत जावेसाठी ठेवली होती. ती जागाही आता उरली नाही. पोरीचा हात बघून बंद केली फळी! धावून जावं आणि त्या पांढऱ्या केसांना धरावं, असं त्यांना वाटलं. रुद्राणी मध्ये उभी होती, म्हणून त्या गेल्या नाहीत.

पण शब्द दिला होता. उमाबाई आत गेल्या, वायर ओढून काढली. अमरनाथला म्हणाल्या, "हे उचल हितनं. त्या भिंतीला लाव."

अमरनाथनं संध्याकाळच्या आत स्पीकर समोरच्या भिंतीला हलवले आणि परळीहून रबराच्या चकत्या मागवून त्यांच्या मागं बसवल्या. मधल्या भिंतीवर खिळ्यांची भोकं राहिली, ती उमाबाईंनी बुजवू दिली नाहीत.

दिवाळीला सुंदरबाईंनी फराळाचं ताट पाठवलं. उमाबाईंनी ताटावरचा रुमालसुद्धा न उघडता ते परत पाठवलं. मन्मथअप्पांनी पायात चपला घातल्या, बाहेरून वळसा घालून भावाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्याच ताटातले अनारसे दोघा भावांनी मिळून खाल्ले.