अवघड आधी

मास्तर म्हणजे आमचे टेलर मास्तर. जन्मभर शर्ट शिवून त्यांचं एकच मत पक्कं झालेलं: आधी कॉलर शिका, ती जमली की बाकीचा शर्ट आपोआप येतो. इंग्रजीलाही त्यांनी तोच न्याय लावला आणि तिथेच माती खाल्ली.

मुलगी परदेशात गेली, तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, आणि नात नीट बोलायला लागायच्या आत मुलगीच आजारपणात गेली. आता नात पाच वर्षांची. तिला मराठीचा म ठाऊक नाही, जावयालाही नाही. रविवारी फोनवर तोंडं दिसायची, मास्तर हसायचे, ती हसायची, संपलं. हल्ली तर ती पळूनच जायची. शेवटी जावयाचा निरोप आला, एका गिऱ्हाइकाने त्याचा अर्थ सांगितला: तिची इच्छा नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही. मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. लेक गेलीच होती, आता तिची ही एवढी खूणही हातची जाणार होती.

मग त्यांनी प्रगत शब्दसंग्रहाचं जाडजूड पुस्तक आणलं. काजं करता करता घोकंपट्टी सुरू, शब्द आणि अर्थ, शब्द आणि अर्थ. सोपे शब्द काय, येतीलच मागून. बायको म्हणाली, अहो, पोरीशी बोलायचंय, कोर्टात उभं राहायचं नाहीये. पण छे, पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रविवारी नात पडद्यावर आली ती रडून डोळे सुजवूनच. तिने तिच्या इंग्रजीत विचारलं, "मम्मा माझ्यासारखी रडायची?"

मम्मा आणि रडणं, एवढं मास्तरांना बरोबर कळलं. पोरीने आजोबांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं. सांगायला केवढं होतं, आणि घोकलेल्या ढिगातून हाताला लागला तो एकच शब्द.

"इनकन्सोलेबल," ते म्हणाले. पाठोपाठ पुस्तकातली इंग्रजी व्याख्याही म्हणून दाखवली, कशानेही जिची समजूत पटत नाही अशी, जराही न अडखळता.

नात बघत राहिली. बापाकडे वळून काहीतरी पुटपुटली, खुर्चीवरून उतरली आणि निघून गेली. जावई ओशाळून हसला आणि त्याने फोन बंद केला.

"काय सांगायचं होतं तिला?" बायकोने विचारलं.

"रडायची म्हणावं, खूप रडायची. पण कुशीत घेतलं की गप्प व्हायची." मास्तर पुस्तकाची पानं उलटू लागले. "कुशीला काय म्हणतात गं?"

बायकोला तरी कुठून ठाऊक असणार.