आत्याने पहिलं तोडलं ते आमचं दुकान

इंदूरहून येताना मानपूरच्या पुढे, मुंबई-आग्रा रस्त्याला चिकटून आमचं गाव आहे. तिथल्या नगर परिषदेची पहिली बाई अध्यक्ष म्हणजे माझी आत्या. सीट महिलांसाठी राखीव झाली आणि नुकत्याच रिटायर झालेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा मास्तरीणबाई पक्षाला सोयीच्या वाटल्या. आमच्याकडे अशा वेळी कारभार नवराच बघतो. त्याला अध्यक्षपति म्हणतात, तसं कार्डही छापून घेतात आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, नवा सफारी शिवून घेतला होता. पहिल्याच बैठकीत ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा, चाय पाठवते." आतोबा उठले ते परत कधी आत गेले नाहीत. सफारी मात्र त्यांनी वसूल केला, गावातल्या प्रत्येक लग्नात घालून.

बाबा तिचे धाकटे भाऊ. आजी लवकर गेली, तेव्हा यांना न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवलं ते आत्यानेच. तिचं लग्न गावातच झालं, त्यामुळे भाऊबीज कधी चुकली नाही. बस स्टँडसमोर बाबांचं पोहे-जलेबीचं दुकान होतं. महाराष्ट्राकडे जाणाऱ्या बसेस तिथे थांबायच्या आणि सकाळी बाबांना मान वर करायला फुरसत नसायची. दुकान नाल्यावर होतं. त्या रांगेतली सगळीच नाल्यावर होती. आधी फळी, मग फरशी, मग शटर, असं करत करत नाला दिसेनासा झाला. पाण्याला वाट उरली नाही, म्हणून दर पावसाळ्यात ते मागच्या वस्तीत शिरायचं. आत्या अध्यक्ष झाली त्याच वर्षी तिथली एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी घरातल्या घरात बुडून मेली. आत्या ते घर स्वतः जाऊन बघून आली.

नाला मोकळा करायचं तिने बैठकीत काढलं, तेव्हा विरोधकांनी तिला बरोबर पकडलं. "मैडम, पहले अपने भाई की तोड़ो."

"ठीक है," आत्या म्हणाली.

आदल्या संध्याकाळी ती दुकानात आली. "सामान काढून ठेव रे. सकाळी जेसीबी येतोय."

बाबा हसले. "हो ताई, समझ गया."

त्यांना काय समजलं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच समजलं होतं. पुढचा पत्रा पाडतील, फोटो निघतील, पेपरात छापून येईल आणि सगळं थंड झालं की पत्रा परत लागेल. आपल्याकडे असंच होतं. सख्खी बहीण अध्यक्ष, ती काय भट्टीवर मशीन घालणार? बाबांनी एक चमचा हलवला नाही. उलट सकाळी जेसीबीच्या ड्रायव्हरला "आओ भिया" करत पोहे दिले, वर सेव जास्त घालून. तो खाऊन, हात पुसून मशीनवर चढला.

पत्रा गेला, काउंटर गेलं, मग काचेचं कपाट. भट्टी पेटलेलीच होती. बाबा कढई काढायला धावले तर दोघा जणांनी त्यांना धरून ठेवलं. आत्या रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी होती. शेवटची भिंत पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मग शेजारच्या दुकानाची पाळी आली आणि वरून फोन आला. कुणाचा, ते अख्ख्या गावाला माहीत आहे. जेसीबी वळला आणि निघून गेला. नाला मोकळा झाला तो आमच्या दुकानाच्या रुंदीएवढा, आणि पुढच्या पावसाळ्यात वस्तीत पाणी पूर्वीइतकंच भरलं. मला अजून संताप येतो. फोन करणाऱ्याचा येतो, पक्षाचा येतो आणि खोटं कशाला बोलू, आत्याचाही येतो. आपल्यापासून सुरुवात केली की पुढे कुणाचं तोंड उघडत नाही, असं ती म्हणायची. शाळेत मुलांना शिकवलेलं ती स्वतःही खरं मानत होती.

आम्ही इंदूरला आलो, सुदामा नगरात दोन खोल्या घेतल्या. उतारवयात बाबा सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, दुसऱ्याच्या गाडीवर जलेबी तळायला लागले. पहिल्या भाऊबीजेला आईने त्यांचे कपडे काढून ठेवले, ते त्यांनी घडी न मोडता कपाटात परत ठेवले. त्यानंतर आईनेही विषय काढला नाही.

आत्याला पुन्हा तिकीट मिळालं नाही. पण तिने पिच्छा सोडला नाही. बाकीची दुकानं पडावीत म्हणून अर्ज, कोर्ट, कलेक्टर ऑफिस, सगळीकडे तिच्या चपला झिजल्या. इंदूरला तारखेला आली की मला बाहेर भेटायची. एकदा मी चिडून म्हटलं, "अब जाने दो ना आत्या. नाल्याचं कुणाला पडलंय?"

"नाल्याचं नाही गं," ती म्हणाली. "बाकीची पडली की भाऊ येईल माझा."

या वर्षी रस्ता रुंद करायचं काम आलं आणि ती रांग एका सकाळीत भुईसपाट झाली. आत्याच्या अर्जांचा त्यात काडीचा संबंध नव्हता. तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "सगळी गेली बघ. त्याला सांग, भाऊबीजेला पाट मांडते मी."

मी बाबांना सांगितलं. त्यांना आधी रांगेतले शेजारी आठवले. "बिचारे," म्हणाले, "चांगले लोग होते." मग म्हणाले, "दुकान तुटलं त्याचं नाही बेटा. ताई इतका वेळ समोर उभी होती. मी ओरडत होतो. एकदा तरी माझ्याकडे बघायचं होतं."

मी ते आत्याला जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं मला जमत नाही. 

"बघितलं असतं तर थांबवलं असतं मी," आत्या म्हणाली. "म्हणून नाही बघितलं."

हेही मी बाबांना सांगितलं. वाटलं, आता तरी विरघळतील.

"मालूम है," बाबा म्हणाले. "ठरवून बघितलं नाही तिने. म्हणूनच जात नाही."